आरसा थोडे दिवस बाजूला ठेवू या

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही पापणीच्या ऑपरेशनबद्दल बोलणार आहोत. मोतीबिंदूच्या ऑपरेशनबद्दल आपण या कार्यक्रमात पुष्कळदा बोललो आहोत. हे ऑपरेशन त्याहून वेगळं. यात डोळ्याच्या आत काही करत नाहीत. डोळ्यावर कातडीचं जे झाकण असतं, म्हणजे पापणी, त्या झाकणाचं हे ऑपरेशन असतं. पापणीचे केस नव्हेत, झाकण.

वय वाढलं की कुणाच्या वरच्या पापणीची कातडी सैल होते आणि डोळ्यावर लोंबते. कुणाच्या डोळ्यांखाली पिशवीसारखा फुगवटा येतो. कुणाची एक पापणी जन्मापासूनच खाली उतरलेली असते. फोटो काढताना ती बाई नेहमी मान तिरकी करते, नाहीतर मागच्या रांगेत उभी राहते. अशा बायका आपल्या प्रत्येक गावात आहेत. आता जिल्ह्याच्या गावीही ही ऑपरेशनं होऊ लागली आहेत, आणि आपल्यातल्या काहीजणी ती करून आल्या आहेत.

करून आल्यावर काय होतं? डोळे सुजलेले, गाल काळेनिळे, पापणीवर टाके. घरातली लहान पोरं घाबरतात. शेजारीण म्हणते, “अगंबाई, हे काय करून आलीस? होतं तेच बरं होतं की!” आणि ती बाई दार लावून आत बसते. कुणी आरशासमोर रडते, कुणी आरसाच भिंतीकडे फिरवून ठेवते. अशा वेळी तिला खरी माहिती सांगणारं जवळ कुणी नसतं. म्हणून आजचं हे बोलणं.

दोन गोष्टी मनात पक्क्या धरा. पहिली, ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे आरशात जो चेहरा दिसतो, तो तुमचा कायमचा चेहरा नाही. दुसरी, रूपाची काळजी महिनाभर थांबू शकते, पण नजरेची काळजी एक रात्रसुद्धा थांबू शकत नाही. आता सगळं सविस्तर सांगतो.

आधी हे ऑपरेशन म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्या अंगावरची सगळ्यात पातळ कातडी पापणीची. जाडी एक मिलिमीटरपेक्षाही कमी. तिच्या आत एक स्नायू असतो, तो पापणी वर उचलतो. विहिरीवरच्या रहाटाचा दोर जशी बादली वर ओढतो, तसंच. आता पापणी खाली येण्याची दोन कारणं वेगळी आहेत. एकीत कातडी जास्त झालेली असते, स्नायू ठीक असतो. तिथं जास्तीची कातडी, कधी थोडी चरबी काढतात. दुसरीत स्नायूच सैल किंवा कमजोर असतो. तिथं तो स्नायू आखडून घट्ट करतात. स्नायू फारच कमजोर असेल, तर पापणी आतून कपाळाच्या स्नायूला जोडतात, म्हणजे भुवई उचलली की पापणी उचलते. बाहेरून दोघींचे डोळे सारखेच मिटलेले दिसतील, पण ऑपरेशन वेगळं आणि त्यानंतरचे दिवसही वेगळे. म्हणून “तिला असं झालं, मला तसं का झालं?” अशी तुलना करू नका.

वरच्या पापणीचा छेद पापणीच्या घडीतच घेतात, म्हणजे डोळा उघडा असताना तो लपतो. खालच्या पापणीचा छेद केसांच्या अगदी लगत घेतात, किंवा पापणीच्या आतून घेतात. मोठ्या माणसांना बहुधा जागा बधिर करण्याचं इंजेक्शन देऊन हे करतात, आणि पुष्कळजणी त्याच दिवशी घरी येतात. लहान मुलांना मात्र पूर्ण भूल द्यावी लागते.

आता घरी आल्यावरची पहिली रात्र. ही रात्र सगळ्यात महत्त्वाची.

ऑपरेशननंतर थोडं रक्त झिरपणं, पाणी येणं, डोळा जड वाटणं, ठणकणं हे चालतं. पण फार क्वचित असं होतं की पापणीच्या मागे, डोळ्याच्या खोबणीत रक्त साठतं. खोबण हाडाची असते, ती पसरू शकत नाही. साठलेल्या रक्ताचा दाब डोळ्याच्या नसेवर येतो, आणि वेळेत तो दाब कमी केला नाही तर नजर कायमची जाऊ शकते. हा धोका पहिल्या २४ तासांत सगळ्यात जास्त असतो, आणि हातात वेळ असतो तो काही तासांचा. सकाळी एस.टी.नं जाऊ, असं म्हणायला इथं जागा नाही.

मग ओळखायचं कसं? पाच खुणा सांगतो. लिहून घ्या, किंवा घरातल्या पोरीला लिहून घ्यायला सांगा. एक, दुखणं कमी होण्याऐवजी वाढत जातं आणि गोळीनंही थांबत नाही. दोन, एका बाजूची सूज भराभर वाढते आणि हाताला टणक लागते. तीन, डोळा पुढे आल्यासारखा दिसतो. चार, दिसायला कमी येतं, अंधारी येते, किंवा एकाचे दोन दिसतात. पाच, स्वच्छ कापड हलकेच दाबून धरलं तरी रक्त थांबत नाही. यातली एकही खूण दिसली, तर ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना त्याच मिनिटाला फोन करा आणि निघा. ते दूर असतील, फोन उचलत नसतील, तर १०८ला फोन करून डोळ्यांचे डॉक्टर असलेलं जवळचं मोठं रुग्णालय गाठा. रात्रीचे दोन वाजले असले तरी.

आणि नजर तपासायची कशी? अगदी सोपं आहे. एक डोळा तळहातानं हलकेच झाकायचा, डोळा दाबायचा नाही. दुसऱ्या डोळ्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचायचे. मग दुसऱ्या डोळ्यानं तसंच. वाचता येत नसेल, तर समोर बसलेलीनं बोटं दाखवायची आणि ऑपरेशन झालेलीनं ती मोजायची. मलमामुळे धूसर दिसत असेल, तर दोन-चार वेळा डोळे मिचकावल्यावर, कडेचं मलम स्वच्छ कापसानं टिपल्यावर स्पष्ट दिसायला हवं. तरीही स्पष्ट होत नसेल, तर फोन करा. पहिल्या संध्याकाळी आणि रात्री जाग येईल तेव्हा हे करा. दोन डोळे एकदम उघडे ठेवून तपासलं, तर एका डोळ्याचं कमी झालेलं कळत नाही. म्हणून एकेक.

ही तपासणी एकटीनं करायची नाही. त्या रात्री जवळ कुणीतरी जागं राहणारं हवं. सासूबाई, नणंद, मुलगी, गटातली मैत्रीण, कुणीही. बाळंतिणीजवळ जशी आपण रात्र काढतो, तशी ही एक रात्र काढायची.

पहिली रात्र नीट गेली की पुढचा मोठा त्रास आरशाचा. आता दिवसागणिक काय दिसतं ते ऐका, म्हणजे घाबरायला होणार नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त असते. ऑपरेशनच्या दिवशीपेक्षा तिसऱ्या सकाळी चेहरा वाईट दिसतो. त्याचा अर्थ बिघडलं असा नाही. पापणीची कातडी पातळ आणि सैल असल्यामुळे तिथं पाणी लवकर भरतं. काळंनिळं रक्त हळूहळू गालावर उतरतं, कधी हनुवटीपर्यंत. रक्त खाली ओघळतं एवढंच. मग तो रंग जांभळ्याचा हिरवट होतो, हिरवटाचा पिवळा, आणि साधारण दोन आठवड्यांत जातो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लालभडक डाग दिसला आणि नजर स्वच्छ असली, दुखत नसलं, तर तोही दोन-तीन आठवड्यांत विरतो.

पाचव्या ते सातव्या दिवशी बहुधा टाके काढतात. विरघळणारे टाके असतील तर ते आपोआप जातात, ओढायचे नाहीत. टाके निघाल्यावर रेघ लालसर आणि उंचवट्याची दिसते, हाताला गाठी लागतात. पापणी आणि पापणीचे केस बधिर वाटतात. ही बधिरता कित्येक आठवडे राहू शकते. दोन आठवड्यांनी बहुतेकजणी चारचौघांत जाऊ शकतात. सहा आठवड्यांनी बरीचशी सूज गेलेली असते, पण सकाळी उठल्यावर थोडी सूज असतेच. रेघेचा लालसरपणा जायला काही महिने लागतात. वळ पूर्ण मऊ आणि फिका व्हायला सहा महिने, कुणाला वर्षही लागतं. आपली कातडी सावळी, तिच्यावर वळ काही दिवस गडद दिसू शकतो. उन्हात तो आणखी काळवंडतो. म्हणून शेतात जायला लागल्यावरही पदर किंवा स्कार्फ कपाळावर पुढे ओढून घ्या, गॉगल घाला. गॉगल घातला म्हणून कुणी हसलं तर हसू द्या.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. “दोन डोळे सारखे दिसत नाहीत हो, माझं बिघडलं का?”

बायांनो, दोन बाजूंची सूज कधीच सारख्या वेगानं उतरत नाही. ज्या कुशीवर आपण झोपतो, ती बाजू जास्त सुजते. तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी, महिन्यानंतरही थोडा फरक असू शकतो. आणि दुसरी गोष्ट, ऑपरेशनच्या आधीही आपले दोन डोळे कुठे तंतोतंत सारखे होते? कुणाचीही भुवई, डोळा, गाल दोन्हीकडे एकसारखे नसतात. आयुष्यभर आपण ते पाहिलेलं नसतं, ऑपरेशननंतर मात्र तासन्‌तास आरशात मापं काढत बसतो. म्हणून ऑपरेशनच्या आधी समोरून, डावीकडून, उजवीकडून असे फोटो काढून ठेवायला सांगा. नंतर तुलना करायची ती त्या फोटोशी.

ज्यांनी एकाच पापणीचं ऑपरेशन केलं, त्यांच्यासाठी आणखी एक गंमतशीर गोष्ट सांगतो. दोन्ही वरच्या पापण्यांना मेंदूकडून एकसारखाच हुकूम जातो. एक पापणी खाली असली की मेंदू ती उचलण्यासाठी दोन्हींवर जोर लावत असतो. खालची पापणी वर उचलून दिली की तो जोर कमी होतो, आणि चांगली म्हणून सोडून दिलेली दुसरी पापणी थोडी खाली आल्यासारखी दिसते. हे डॉक्टरांना ठाऊक असतं. ऑपरेशनच्या आधी एक पापणी उचलून धरून ते दुसरीकडे पाहतातही. तसं झालं तर त्यांना दाखवा, पण धक्का घेऊ नका.

मग फरक खरा आहे की सुजेचा, हे ठरवायचं कधी? साधारणपणे तीन ते सहा महिने वाट पाहून मग डॉक्टर पुन्हा काही करायचं का याचा विचार करतात. सुजलेल्या कातडीवर घाईनं पुन्हा सुरी चालवली, तर नुकसान होऊ शकतं. कातडी एकदा जास्त काढली गेली की ती परत बसवणं सोपं नसतं. वाट पाहा म्हणजे गप्प बसा असं नाही. ठरलेल्या तारखांना दाखवायला जा, मनातली शंका विचारा, आणि उत्तर समजेपर्यंत विचारा.

आता डोळा मिटण्याबद्दल. ऑपरेशननंतर काही दिवस झोपेत पापणी पूर्ण मिटत नाही, बारीक फट राहते. कपाळाच्या स्नायूला पापणी जोडली असेल, तर ही फट पुढेही कायम राहू शकते. घरच्यांना ते पाहून भीती वाटते, उघड्या डोळ्यांनी झोपली म्हणून दृष्ट काढतात. पण खरी काळजी बुबुळाची करायची असते. फटीतून वारा लागून बुबुळ कोरडं पडतं, खुपतं, लाल होतं, आणि दुर्लक्ष केलं तर त्यावर जखम होते. म्हणून दिवसा ओलावा देणारे थेंब आणि रात्री मलम डॉक्टर देतात. ते दिसण्यासाठी नसतं, नजर राखण्यासाठी असतं. बाटली संपली म्हणून आपल्या मनानं बंद करू नका. थेंब टाकताना बाटलीचं टोक डोळ्याला किंवा बोटाला लागू देऊ नका. पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नका.

थेंबांवरून एक इशारा. मेडिकलच्या दुकानात जाऊन “डोळ्याचे थेंब द्या” म्हणून काहीही आणू नका. काही थेंबांत स्टेरॉइड असतं. डॉक्टरांनी ठरलेल्या दिवसांसाठी दिलं तर ते उपयोगाचं, पण देखरेखीशिवाय ओढत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढतो आणि काचबिंदूनं नजर जाते. शेजारणीच्या घरातली उरलेली बाटलीही नको. आणि मध, एरंडेल, गुलाबपाणी, अंगावरचं दूध, हळद यातलं काहीही जखमेत किंवा डोळ्यात घालायचं नाही. आजीनं प्रेमानं सांगितलं तरी नाही. काजळ, डोळ्यांचा मेकअप डॉक्टर परवानगी देईपर्यंत बंद. परवानगी मिळाल्यावरही काजळाची जुनी डबी फेकून नवी घ्या, आणि ती डबी घरात सगळ्यांत फिरवू नका.

घरी करायचं ते साधं आहे. पहिले दोन दिवस थंड पाण्यात भिजवून पिळलेलं स्वच्छ कापड डोळ्यांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग काढा, थोड्या वेळानं पुन्हा ठेवा. बर्फ थेट कातडीवर ठेवू नका. तिथं बधिरपणा असतो, कातडी गारठून इजा झाली तरी कळत नाही. दोन उशा घेऊन, डोकं उंच ठेवून उताणं झोपा. डोळे चोळायचे नाहीत, खाजलं तरी. डोक्यावरून पाणी घ्यायचं झालं तर डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि मान मागे करून. विहिरीत, नदीत, कालव्यात डुबकी नको. दुखण्याची गोळी डॉक्टरांनी लिहून दिलेलीच घ्या, कारण दुखण्याच्या काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. पहिल्या आठवड्यात लाली पसरत चालली, पू आला, ताप आला, तर वाट न पाहता दाखवायला जा.

आता कामाबद्दल. डॉक्टर म्हणतात, दोन आठवडे वाकू नका, जड उचलू नका, धूर-धुळीत जाऊ नका. ऐकायला साधं वाटतं. पण आपल्या घरात वाकल्याशिवाय कोणतं काम होतं? झाडू मारायचा तर वाकून. शेणसडा वाकून. भांगलण वाकून. हंडा डोक्यावर, चारा डोक्यावर. चुलीचा धूर डोळ्यात. मळणीचा भुसा डोळ्यात. वाकलं, जोर लावला की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो आणि ताज्या जखमेतून पुन्हा रक्त सुरू होऊ शकतं. हौस केली म्हणून विश्रांती मागायची लाज वाटते आणि चौथ्या दिवशी बाई हंडा उचलते. इथं गटानं पुढं यायला हवं.

आमच्या गटातल्या एका मावशींनी गेल्या वर्षी दोन्ही पापण्यांचं ऑपरेशन केलं. कातडी इतकी लोंबलेली होती, की त्या कपाळ वर ताणून, मान उंच करून बघायच्या. संध्याकाळी डोकं दुखायचं. सुई ओवता येत नव्हती. तरी गावात बोललं गेलंच, “नातवंडं झाली आणि आता रूप आठवलं!” आम्ही बैठकीत वाटणी केली. पाणी कुणी भरायचं, गुरांचं कुणी बघायचं, दोन वेळची भाकरी कुणी द्यायची. सुगी संपलेली, म्हणून वेळही बरी निवडलेली होती. चौदा दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी मावशी आरशात बघून रडल्या. तेव्हा आमच्यातली एक जण त्यांना म्हणाली, “मावशी, भाकरी तव्यावर टाकल्या टाकल्या कुणी खातं का? दम धरा.” त्यांनी दम धरला. महिन्याभरानं त्यांनी सुई ओवली. डाव्या डोळ्याची घडी उजव्यापेक्षा थोडी वर आहे, अजूनही आहे. सांगितल्याशिवाय ती कुणाला दिसत नाही, आणि मावशींची त्याबद्दल तक्रार नाही.

आणि समजा, त्यांना डोकेदुखी नसती, सगळं नीट दिसत असतं, आणि केवळ चेहरा बरा दिसावा म्हणून त्यांनी हे केलं असतं तर? तर तेही त्यांचं ठरवणं होतं. आपण केस विंचरतो, कुंकू लावतो, सणाला नवं लुगडं नेसतो, ते काय नुसत्या उपयोगासाठी? जन्मापासून एक पापणी पडलेली पोरगी स्थळ बघायला आलं की खाली मान घालून बसते. तिचं दुःख रूपाचं आहे म्हणून खोटं ठरत नाही. पण उलटही तितकंच खरं. लग्न जमावं म्हणून, नवरा म्हणतो म्हणून, मोबाइलमधले चेहरे बघून कुणी पोरीला ऑपरेशनला बसवत असेल, तर तिला बाजूला घेऊन विचारा, “तुला हवं आहे का?”

करायचं ठरवलंच, तर आधी काही गोष्टी विचारून घ्या. हे ऑपरेशन डोळ्यांचे प्रशिक्षित डॉक्टर किंवा प्लास्टिक सर्जन करतात. पार्लरमध्ये हे काम होत नाही, कुणी स्वस्तात करून देतो म्हटलं तर उठून या. डॉक्टरांना विचारा, माझी कातडी जास्त आहे की स्नायू कमजोर आहे? तुम्ही अशी किती ऑपरेशनं केलीत? रात्री त्रास झाला तर फोन कुणाला करायचा? एकूण खर्च किती, आणि पुन्हा करावं लागलं तर त्याचा खर्च कुणाचा? फक्त दिसण्यासाठीच्या ऑपरेशनला सहसा सरकारी योजना किंवा विमा लागू होत नाही. पापणीमुळे नजर झाकली जात असेल, तर मात्र रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना विचारून बघा. बचत गटाचं कर्ज काढणार असाल, तर हप्ता सुरू होईल तेव्हा तुम्ही कामावर गेलेल्या असाल का, हाही हिशेब करा.

डॉक्टरांपासून काही लपवू नका. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, डोळे कोरडे पडण्याचा त्रास, हृदयासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, काढे, वैदूची औषधं, सगळं सांगा. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनानं बंदही करू नका. ती कधी थांबवायची, थांबवायची की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचं. मिश्री, तंबाखूही सांगा. त्यातल्या निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो. आणि या ऑपरेशननं काय होणार नाही, तेही समजून घ्या. डोळ्यांभोवतीची काळी वर्तुळं त्यानं जात नाहीत. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या जात नाहीत. उतरलेली भुवई वर येत नाही.

शेवटी, पापणी पडणं हे प्रत्येक वेळी रूपाचं प्रकरण नसतं. लहान मुलाची पापणी बुबुळ झाकत असेल, तर त्या डोळ्याची नजर घडतच नाही. मोठेपणी करू म्हणून थांबू नका, लगेच दाखवा. सकाळी बरी असणारी पापणी रोज संध्याकाळी पडत असेल, गिळायला, चावायला त्रास होत असेल, तर तो स्नायूंचा आजार असू शकतो, त्याला आधी औषध लागतं. एका दिवसात अचानक पापणी पडली, जोडीला एकाचे दोन दिसतात, डोकं फुटल्यासारखं दुखतं, तोंड वाकडं झालं, तर ताबडतोब रुग्णालय. आणि पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं माणूस पहाटे पोटदुखीनं उठलं, पापण्या आपोआप मिटू लागल्या, तर मण्यार चावली असण्याची शक्यता धरा. मण्यारच्या चाव्याची खूण दिसतेच असं नाही. मांत्रिकाकडे जाऊ नका, १०८ला फोन करा.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक काम करा. पहिल्या रात्रीच्या त्या पाच खुणा एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि गटाच्या वहीत चिकटवून ठेवा. आपल्यातली कुणी पापणीचं ऑपरेशन करून आली, तर पहिल्या रात्री तिच्याजवळ कोण बसणार आणि दोन आठवडे पाणी कोण भरणार, एवढं आधी ठरवा. तिच्या घरी जाल तेव्हा “चेहऱ्याचं काय झालं गं?” असं विचारू नका. “नीट दिसतंय ना? थेंब टाकलेस का?” एवढं विचारा. आणि हात जोडून नुसतं बसू नका, तिच्या चुलीजवळची घागर भरून ठेवूनच निघा.

तुमच्या शंका आम्हाला कळवा, पुढच्या वेळी डोळ्यांच्या डॉक्टरांनाच आपल्याशी बोलायला बोलावू. नमस्कार.